मापापुरतं

माझ्या साडूभाऊंनी आयुष्यात कुणाची वस्तू मागून घेतली नाही आणि नेलेली कधी परत केली नाही. ते वस्तू न्यायचे ते फक्त 'मापाला'. आमचं सूप, अडकित्ता, झोपाळ्याची कडी, एकदा तर माझी कोरी चप्पल, सगळं मापाला म्हणून त्यांच्या गावाला, वालूरला गेलं आणि तिकडचंच झालं. चपलेचं विचारलं तर स्वतःच्या पायाकडं बघत म्हणाले, "अजून माप जमंना गेलंय." मी तोंड उघडलं की बायको डोळे वटारायची. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा तो. दाजींना नाही म्हणायची आमच्या सासुरवाडीत पद्धतच नाही.

त्यांच्याकडं एक ट्रक होता, निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांनी लष्करी लिलावात घेतलेला. रस्त्यात बंद पडला की वालूरची माणसं न सांगता ढकलायला यायची. एका साली त्याच्या स्टिअरिंगची दांडी मधोमध तडकली. तसली दांडी आता कुठं मिळतच नव्हती. सेलूचा भंगारवाला दोनदा येऊन टायरला लाथ मारून बघून गेला. साडूभाऊंचं जेवणावरून मन उडालं. "वडील गेले, मळा वाटणीत गेला," ते मला म्हणाले. "त्यांची ही एकच चीज उरलीय. ही बी भंगारात गेली तर मी काय तोंड दाखवू?" मला वाईट वाटलं. तीच माझी चूक झाली.

कारण इंजिनाचं काम निघाल्यामुळं माझी जीप तेव्हा अंगणात उभी होती. एकदा बाजारातून आलो तर जीपखालून दोन पाय बाहेर. "साडूभाऊ, काय करायलात?" "दांडी सोडायलोय. मापाला." स्टिअरिंगचं चाक, दांडी, खालचा बॉक्स, सगळं पोत्यात घालून एसटीनं वालूरला गेलं. माप कसं घेतलं ते देवालाच ठाऊक. दांडी तिरपी येईना, बॉक्स चेसिसला भिडंना. शेवटी बॉक्स उलटा धरला तेव्हा सगळं अगदी चपखल बसलं. फक्त चाक उजवीकडं फिरवलं की ट्रक डावीकडं जायला लागला.

विद्यापीठाच्या नामांतरावरून एसटी बंद होत्या, म्हणून एकदा मला त्याच ट्रकातून वालूरहून सेलूला घरी यावं लागलं. वळणावर समोरून बैलगाडी आली. मी म्हणालो, "डावीकडं घ्या, डावीकडं," आणि या गृहस्थानं चाक गरकन उजवीकडं फिरवलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बैलगाडी मागं गेली होती आणि साडूभाऊ तंबाखू मळत होते.

"अहो, हे चुकलंय."

"चुकलं न्हाई, उलटं हाय."

"मग काढा ते आणि माझं मला द्या."

"आता हाताला सवय लागलीय. सरळ केलं की आपटंल. अन् चोरानं नेला तरी लय लांब जायचा न्हाई, पुढच्या नाल्यात सापडंल."

दर दिवाळीला मी विचारायचो, "माप झालं का?" ते म्हणायचे, "होत आलंय." जीपच्या बॉनेटवर बायको सांडगे वाळवायला लागली. शेवटी कंटाळून मी ती तशीच, बिनस्टिअरिंगची विकून टाकली.

मग साडूभाऊंची नजर अधू झाली. काचबिंदू निघाला. एका दुपारी ते भिंतीला हात लावत आमच्या दारात आले, खांद्यावर तेच पोतं. आतून माझ्या जीपचं चाक निघालं, दांडीसकट, घासूनपुसून लख्ख केलेलं.

"माप झालं, साडूभाऊ," ते म्हणाले. "काल गाडी दिली."

कुणाला, ते मी विचारलं नाही. इतकी वर्षं मनात घोळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. "एवढी काय घाई होती?" एवढंच म्हणालो, आणि खरंच तसं वाटलं.

चहा झाला. बायकोनं आतून नवाकोरा पितळी डबा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "दाजी, हा नेता का मापाला?" त्यांनी डबा दोन्ही हातांनी चाचपला, झाकण लावून बघितलं, चांगला आहे म्हणाले. मग तिथंच ठेवून काठी शोधायला लागले. त्या दिवशी त्यांनी आमच्या घरातून काहीच नेलं नाही.