दहा मिनिटांत बंद पडणाऱ्या मशीनसाठी नांदेड ते शिरूर अनंतपाळ

"रविवारी गिऱ्हाईक घर बघायला येणार आहे. मशीन दहा मिनिटांत बंद पडतंय. तू येतोस, की दुसऱ्याला बोलवू?"

तीन महिन्यांनी आलेला प्रज्ञाचा मेसेज हा असा. कसा आहेस नाही, काही नाही. पण ‘दुसऱ्याला’ हा शब्द मी पाच-सहा वेळा वाचला आणि गाडीची हवा चेक करायला खाली उतरलो.

आधी थोडं मागचं सांगतो. प्रज्ञा आणि मी नांदेडला एकाच कॉलेजात. ती सिव्हिलला, मी कम्प्युटरला. ती पास झाली. मी तिसऱ्या वर्षी लॅबमधलं एक मेलेलं मशीन न विचारता उघडलं, सर चिडले, त्यांच्याहून जास्त मी चिडलो, कॉलेज सोडलं, आणि तेव्हापासून मी घरी बसून गेमिंगचे कम्प्युटर जोडून देतो. प्रज्ञानं शिरूर अनंतपाळला ऑफिस टाकलं. ती घराचा नुसता नकाशा देत नाही. ज्या तंत्रावर गेम चालतात, त्याच तंत्रावर ती अख्खं घर उभं करते आणि पाया खणायच्या आधी गिऱ्हाइकाला स्क्रीनवर त्यात फिरवून आणते. त्यासाठी गेमवाल्यांचंच दणकट मशीन लागतं. ते मी जोडून दिलं होतं. एका बैठकीत, न जेवता. का, ते तुम्ही ओळखलं असेलच.

हिवाळाभर मशीन चाललं. होळीनंतर बंद पडायला लागलं. तिनं फोन केला तर मी म्हणालो, "मशीन चांगलंय. तुझ्या खोलीत हवा न्हाई आणि तुला ते वापरता येत न्हाई." तिनं फोन ठेवला. मग तीन महिने काहीच नाही.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. हा रस्ता करणार असाल तर उन्हाच्या आधीच निघा. लोह्यापर्यंत गार वारा लागतो, पुढे ऊन पाठ भाजतं. अहमदपूरला स्टँडजवळ सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही कुणी बाई नसून चुरमुऱ्यांचा नाष्टा आहे: भिजवलेले चुरमुरे, फोडणी, शेंगदाण्याचं कूट, वर लिंबू. तीस रुपयांत पोट भरलं. हॉटेलात भिंतीवर भलामोठा नवा टीव्ही होता आणि पडद्यावर कंपनीचं प्लास्टिक तसंच, त्यामुळे बातम्या देणारी बाई पाण्याखालून बोलतेय असं वाटत होतं. मालकाला म्हणालो, "काका, प्लास्टिक काढा की."

"काढल्यावर जुना होईल ना."

"दिसतंय का नीट?"

"आवाज येऊन राहिला की."

साडेनऊला लातुरात. इथे डॉक्टर व्हायला आलेली पोरं इतकी, की गल्लीगल्लीत अभ्यासिका. आणि दोन अभ्यासिकांच्या मध्ये एक गेमचं दुकान, तासाला पन्नास रुपये. मला पार्ट घ्यायचे होते ते दुकान अशाच एका गल्लीत. मालक साठीचे, चष्मा कपाळावर. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणालो. प्रोसेसर गार ठेवणारा मोठा कूलर मागितला, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा. डोक्यात हिशोब साधा होता: खोली गरम, तर पंखा मोठा.

मामांशी गप्पा झाल्या त्या इथे लिहितोच, कारण गेम खेळून पोरं वाया जातात म्हणणाऱ्यांनी त्या वाचाव्यात.

"हापिसवाला एक कम्प्युटर घेतो आन दहा वर्षं पुसत बसतो," मामा म्हणाले. "त्याच्या भरवशावर कंपनीनं नवं काय काढायचं? गेमवालं पोरगं दोन वर्षांत परत येतंय. नवा गेम आला, पडद्यावर चित्र काढणारं जुनं कार्ड रडाया लागलं, द्या नवं. ह्या पोरांच्या हट्टापायी कार्डं सुधारली. आता तीच कार्डं कोण नेतंय? लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणारे. टीव्हीचं तसंच. गेमसाठी म्हणून भराभरा चित्र बदलणारा पडदा काढला, आन घेऊन राहिले सिरियल बघणारे."

मग त्यांनी विचारलं, "गरम होतंय म्हणता. बसवताना कूलरच्या खालचं प्लास्टिक काढलं होतं ना?"

नवीन कूलरच्या बुडाला एक पारदर्शक पापुद्रा असतो. तो काढून मग प्रोसेसरवर बसवायचा. हे पहिल्या दिवशी शिकतात. माझं डोकं फिरलं. "मामा, तीन वर्षं इंजिनिअरिंग केलंय मी."

"चौथं?"

पैसे दिले, कूलर बॅगेत टाकला आणि चहा न पिता निघालो. ती चूक झाली. गल्लीच्या तोंडाशी चहा फार चांगला मिळतो असं नंतर कळलं.

नळेगावपर्यंत रस्ता मस्त, आत वळल्यावर गाडी सांभाळा. दुपारी बाराच्या आत शिरूरला पोचलो. प्रज्ञाचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि खाली तिनं उभ्या केलेल्या घरांची चित्रं. दारात तिचे वडील, झेडपीच्या शाळेतले मास्तर.

"जय भीम, सर."

"जय भीम. कॉलेज सोडलं ते तुम्हीच का?"

मी जीभ दातांखाली धरली. आतून प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, त्याला पाणी तरी पिऊ द्या." बाहेर आली. केस वर बांधलेले, कानामागे पेन्सिल. माझ्याकडे बघून म्हणाली, "मशीन तिकडं हाय." मग थांबून, "जेवलास का?" दुसरं वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

मशीनच्या मागे भिंतीला ताजं भगदाड होतं आणि त्यात घरघर करणारा एक्झॉस्ट. "तू हवा न्हाई म्हणलास ना," ती म्हणाली. "गवंडी बोलावून भिंत फोडली. तरी बंद पडतंय." आणि चहा टाकायला आत गेली.

मी मशीन उघडलं. जुना कूलर सोडवला, उलटा केला.

पापुद्रा जागेवर होता. उन्हात राहिलेल्या चॉकलेटच्या कागदासारखा चुरगळलेला, पण जागेवर.

खोलीत कुणी नव्हतं. मी तो सोलला आणि खिशात टाकला. खोटं कशाला बोलू, पहिलं तेच केलं. प्रोसेसर पुसला, त्याची उष्णता कूलरला पोचवणारी नवी पेस्ट लावली, तोच कूलर घट्ट बसवला. प्रज्ञा चहा घेऊन आली. मागोमाग सर.

"काय निघालं?"

"पेस्ट वाळली होती," मी म्हणालो.

"बघा पप्पा, मी म्हणलं नव्हतं? दिवसदिवस चालू ठेवते मी, कसं टिकंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी नाहक फोन ठेवला त्या दिवशी. चूक माझी होती."

तो एक्झॉस्ट घरघर करत होता. तेवढ्या हवेतसुद्धा मला घाम फुटला. ती आता माझ्याशी बोलणार होती, वर माफीही मागत होती, आणि मला फक्त चहा पीत गप्प बसायचं होतं. मला गप्प बसता येत नाही हे सगळ्या नांदेडला माहीत आहे. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला. मी खिशातून पापुद्रा काढून टेबलावर ठेवला.

"हे काढायचं असतंय. मी काढलंच न्हाई. तुझ्या खोलीचा काही दोष नव्हता. तुझा तर नव्हताच."

सरांनी तो चिमटीत धरून उजेडाकडे केला आणि हसायला लागले. "अहो, आमच्या टीव्हीचं अजून काढलेलं न्हाई. आपल्याकडं काढतंय कोण?"

प्रज्ञा हसली नाही. "फोनवर काय म्हणला होतास? परत म्हण."

"जाऊ दे ना."

"म्हण."

"तुला मशीन वापरता येत न्हाई."

"आता मी म्हणू? तुला मशीन बनवता येत न्हाई." कप उचलला. "चहा पी. गार होऊन राहिला."

रात्री बसस्टँडसमोरच्या लॉजवर राहिलो. पाचशे रुपये, खोली स्वच्छ, गाडी आत लावता येते. सकाळी गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. तिखट लागला तर दही मागा, देतात.

दहा वाजता गिऱ्हाईक आलं: शेतकरी, त्यांची बायको आणि तिच्या सासूबाई. प्रज्ञानं गेमचं रिमोट सासूबाईंच्या हातात दिलं. अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं. म्हातारी ओसरीतून निघाली ती थेट भिंतीतून स्वयंपाकघरात.

"आत्या, दारातून जावा," सून म्हणाली.

"माझं घर हाय. कुठूनबी जाईन."

मी दाराशी उभा राहून घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं झाली. बारा. वीस. म्हातारी माडीवर जाऊन आली, न्हाणीघरात डोकावली, परत खाली आली आणि म्हणाली, "ज्वारीची पोती कुठं ठिवायची ह्यात?" शेतकरी मुलगा मुंडी खाली घालून बसला. प्रज्ञानं तिथल्या तिथे जिन्याखालची भिंत सरकवून खोली केली. म्हातारी आत शिरली, गोल फिरली, आणि मग म्हणाली, "हाव. हे बरं." दीड तास चाललं सगळं. मशीन एकदाही बंद पडलं नाही. काम प्रज्ञाला मिळालं.

निघताना ती गाडीपाशी आली. काहीतरी छान बोलावं म्हणून मी वाक्य तयार करत होतो तेवढ्यात म्हणाली, "खरं सांगितलंस ते बरं केलंस. न्हाईतर पुढच्या उन्हाळ्यात मी परत भिंत फोडली असती."

परतीला देवणी-उदगीरचा रस्ता घेतला. अंतर जास्त नाही, आणि उदगीरला इडली मागताना कन्नड, तेलुगू, मराठी तिन्ही कानावर पडतात. कंधारला उसाचा रस पिऊन, किल्ला बाहेरूनच बघून संध्याकाळी नांदेड. पेट्रोल, लॉज, खाणं धरून दोन हजारांच्या आत. कूलर जादाचा.

काय राहिलं म्हणाल तर, ‘माझं चुकलं’ हे मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. लॅबच्या सरांना म्हटलं असतं तर आज इंजिनिअर असतो. म्हटल्यावर काही होत नाही. समोरचा माणूस चहा पी म्हणतो.

चार दिवसांनी तिचा फोन आला. तिला दुसरं मशीन पाहिजे. पण नांदेडला जोडायचं नाही, तिकडे येऊन जोडायचं, तिच्यासमोर, सावकाश, आणि मध्ये जेवायला उठायचं. पार्ट कालच आले. टेबलावर सहा खोकी आहेत. हात शिवशिवतोय, पण अजून एकही उघडलेलं नाही.