सविताने माझ्याकडून टायगर परत घेतला

मित्रांनो, आज सालेकशाजवळच्या एका शाळेत जाऊन आलो आणि अजून हसू थांबत नाहीये.

तिसरीच्या मॅडम माझ्या ओळखीच्या. इंग्रजीच्या तासाआधी त्या मुलांना थोडा वेळ खेळवतात. सध्या घरोघरी मोहफुलं वेचणं चालू आहे, म्हणून आज तोच खेळ. चित्रांच्या चिठ्ठ्या फरशीवर पसरायच्या, चित्राचं इंग्रजी नाव मोठ्याने सांगायचं आणि चिठ्ठी टोपलीत टाकायची.

मॅडमना काळजी होती सविताची. घरी गोंडी बोलणारी ही मुलगी वर्ष संपत आलं तरी वर्गात एक शब्द बोलली नव्हती.

मुलांनी आधी चिठ्ठ्यांभोवती खडूने गोल काढून आपापली झाडं वाटून घेतली; चिठ्ठ्या म्हणजे त्या झाडांखाली पडलेली फुलं. इकडे दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी वेचत नाही. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. उत्साहाने खाली बसलो आणि समोरची वाघाची चिठ्ठी उचलली.

"ओ काकाजी!" सविता कडाडली. "माह्या झाडाखालचा काऊन उचलून राहिले? तो माहा टायगर होय. वापस द्या!"

शेजारची पोरगी ओरडली, "मॅडम, सविता बोलली ना जी!"

मॅडम हसता हसता डोळे पुसू लागल्या. मी मुकाट्याने टायगर परत केला. तोवर सविता "बर्ड!" म्हणत पुढच्या चिठ्ठीवर झेपावली होती.

परक्या भाषेतला तुमचा पहिला शब्द कसा निघाला होता? पाठ करून, की असा हक्काने भांडताना?