मिलिंदचा विटीदांडू

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीची हजेरी घेत होतो. हजेरी पूर्ण केली आणि मगच वर्गाबाहेर आलो. महिना होत आला, आता खरं सांगायला हरकत नाही… दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. ‘खेळून पाह्यलं का?’ असं विचारून पिच्छा पुरवणारं आता कुणी उरलं नव्हतं.

आम्ही एका गावचे, एका वर्गातले. जाफराबादला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. हातात धरून खेळायच्या स्वस्तातल्या व्हिडिओ गेमवर चालेल असा विटीदांडू त्याने एकट्याने, दोन वर्षं डोळे फोडून तयार केला. गावातले सगळे कायदे त्यात बराबर बसवले आणि तिथेच माती खाल्ली. आमच्याकडे हरलेल्या गड्याने विटी पडली तिथून खड्ड्यापर्यंत एका दमात ‘कुईऽऽ’ करत पळायचं असतं. दम तुटला की पुन्हा पहिल्यापासून. मिलिंदने तेही घातलं. हरलात की बटण दाबून धरा, अंगठा जरा उचलला की परत मागे. ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानात आणून आपटला.

आमच्या शाळेच्या संमेलनात तो मोठ्या हौसेने घेऊन आला. नवा शर्ट घालून आल्ता. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, “पोरांनो, आता छडीची गरज न्हाई. चुकला की मिलिंदभाऊंचा गेम खेळायला देऊ!” मांडव हसला. तोही हसला, शर्टाची बाही ओढत. नंतर एक मशीन माझ्या हातात देऊन म्हणाला, “तू आपल्या गावातला पट्टीचा खेळणारा व्हता. एकदा जितून दाखव, मंग बोल.”

“तेवढं पळायचं काढून टाक की लेका.”

“कसं काढू? मी तर तेवढंच खेळलो.”

मला तो विनोद वाटला. मशीन कपाटात फेकलं. अटॅक आला तेव्हा तो दुकानात खुर्चीवरच होता म्हणतात.

भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको सुजाता रडली नाही. पाणी दिलं आणि म्हणाली, “भाऊजी, तुम्ही जितून पाह्यलं का? हे म्हणायचे, तो एकदा जितला की त्याला समजंल मी काय करून राह्यलो ते.”

घरी येऊन खेळायला बसलो. चार दिवस हरलो, पळालो, अंगठा सुजला. पाचव्या दिवशी जिंकलो. पडद्यावर समोरचा गडी गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि खाली दोन शब्द आले : ‘पळव’ आणि ‘सोड’. जिंकणाऱ्याने हरलेल्याला माफ करायची आमच्या खेळात मुभा होती. आमच्या आळीतली पोरं एकमेकांना सर्रास सोडायची. मिलिंद बौद्धवाड्यातून यायचा. त्याला आम्ही कधीच सोडलं नाही. मी तर नाहीच. तो तोंडाला फेस येईपर्यंत पळायचा, आम्ही टाळ्या पिटायचो, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळायला यायचा.

तो गडी वाट बघत वाकून उभा होता. मला सोडायचंच होतं, देवाशप्पथ. पण बोट ‘पळव’वर पडलं.

मशीन आता माझ्या टेबलावर असतं. आतापर्यंत सहा वेळा जिंकलोय. सहाही वेळा त्याला पळवलाय.