सीट झालेले काका

माझे काका आयुष्यभर बस ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर ते सीट झाले. हसू नका, खरंच सांगतोय.

एका संशोधन संस्थेला प्रश्न पडला होता. उद्या विनाचालक गाड्या आल्या, तर गाडी आपल्यासाठी थांबतेय हे रस्ता ओलांडणाऱ्याला कळणार कसं? म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूला दिव्यांची पट्टी बसवली. थांबताना ती हिरवी व्हायची. रस्ता ओलांडणाऱ्याला एक खास चष्मा घालायचे. त्याची नजर जिथे जाईल, तिथे नंतर पडद्यावर लाल ठिपका दिसायचा. आता खरीखुरी विनाचालक गाडी माणसांच्या अंगावर कोण सोडणार? मग साध्याच गाडीत ड्रायव्हर लपवायचं ठरलं. काकांना डोक्यापासून सीटचं कव्हर चढवायचे, डोळ्यांपुढे जाळी, हात स्टिअरिंगच्या पार खाली. बाहेरून बघावं तर रिकामी सीट!

अट एकच. आतला माणूस कुणाच्या नजरेस पडला, तर ते काम गेलंच.

काकांना त्याहून मोठी धास्ती घरची होती. निवृत्तीच्या दिवशी काकूने बजावलं होतं, "आता पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तुमची वाट बघण्यात माझा जन्म गेला." काकांनी मान डोलावली खरी, पण घरात बसून माणूस सुकत चालला. जेवताना टेबलाखाली क्लच दाबायचा. हे काम मिळालं आणि गडी पुन्हा टवटवीत झाला. काकूला सांगितलं, "एका ऑफिसात खुर्ची सांभाळतो." खरं फक्त मला ठाऊक होतं, आणि मी मूग गिळून गप्प होतो.

प्रयोगातली लोकांची तऱ्हा मजेशीर होती. हिरवी पट्टी कितीही चमकू दे, ठिपका आधी धावायचा समोरच्या काचेकडे, माणूस शोधायला. तो सापडला नाही की बिचारा ठिपका भांबावून भिरभिरायचा. आत काकांचा हात "या, या" करायला शिवशिवायचा, पण सीटने हात दाखवून कसं चालेल?

एका सकाळी चष्मा लावून क्रॉसिंगवर उभी राहिली ती साक्षात काकू! फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींबरोबर तिनेही प्रयोगात नाव दिलं होतं. जाळीतून ती दिसली आणि काकांची पाचावर धारण बसली. पळावं म्हटलं तर सीट पळत नाही. त्यांनी नेहमीसारखा ब्रेक लावला. बसमध्ये उभ्या असलेल्यांना हिसका बसू नये म्हणून अगदी शेवटी पाय अलगद सैल करायचा, ही त्यांची जुनी सवय. काकू सरळ चालत पलीकडे गेली.

मी तिला न्यायला गेलो होतो, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. संशोधक बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. लांबून येणाऱ्या गाडीवर ठिपका एकदाच पडला. गाडी हिसका न देता अलगद थांबली, तसा तो तिला सोडून गेला तो थेट पुढे चाललेल्या मैत्रिणीच्या नव्या चपलेवर. काचेकडे नाही, पट्टीकडे नाही.

"काकू, गाडीत ड्रायव्हर नव्हता. भीती नाही वाटली?" बाईंनी विचारलं.

"नव्हता कसा? आमचे हे होते की."

बाईंचा चेहरा उतरला. "तुम्हाला दिसले?"

"दिसायला कशाला हवेत? लग्न झाल्यापासून ह्यांच्या गाडीत बसतेय. ह्यांनी ब्रेक लावला म्हटल्यावर बघायचं काय राहतं?"

दारात आमची सीट उभी होती. कव्हरच्या आतून आवाज आला, "अगं, मी तुला सांगणारच होतो..." आणि पुढे नुसते हुंदके. सीटला रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. माझेही डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

काकूने उठून त्यांच्या डोक्यावरचं कव्हर ओढलं. "हीच का ती खुर्ची? काय हा अवतार! घामाने नुसते निथळताय."

बाई हळूच म्हणाल्या, "तशी आमच्या अटीप्रमाणे अजून कुणाची नजर त्यांच्यावर पडलेली नाही. तुमचं रेकॉर्डिंग मात्र मला बाद करावं लागेल. काकांचं काय, ते तुम्ही ठरवा."

काकूने पदराने काकांचं कपाळ पुसलं, विस्कटलेले केस सारखे केले आणि कव्हर त्यांच्या हातात परत दिलं.

"आत एक लहानसा पंखा लावून द्या ह्यांना," ती बाईंना म्हणाली. "आणि संध्याकाळी वेळेवर सोडा. मी वाट बघते."