ताईचं फोल्डर

त्या गुरुवारी सकाळी आईचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती. "ताई गेली गं!" एवढंच म्हणाली. ताई म्हणजे चांदवडची माझी मावशी, आईची थोरली बहीण. पुढच्याच वाक्यात कळलं की मावशी ठणठणीत आहे. गेलं होतं ते कॉम्प्युटरवरचं 'ताई' नावाचं फोल्डर.

रविवारी मावशीची पंचाहत्तरी होती. तिच्या वस्तीवर ट्रॅक्टर चालवणारी ती पहिली बाई. आईने हिवाळाभर चांदवडला जाऊन तिला बोलतं केलं होतं आणि ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलं होतं. मोबाईलमध्ये जागा व्हावी म्हणून तिथलं पुसूनही टाकलं होतं. हे आवाज कार्यक्रमात सगळ्यांना ऐकवायचे, असं ठरलं होतं.

मी पाथर्डी फाट्यावरच्या माझ्या घरून स्कूटर काढली आणि इंदिरानगरला माहेरी पोचले. आई कॉम्प्युटरसमोर बसली होती. बाबा तिच्या मागे येरझाऱ्या घालत होते. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरातली सगळी यंत्रं आपल्या ताब्यात आहेत, असा त्यांचा समज.

"व्हायरस असणार," ते म्हणाले. "फॉरमॅट मारावा लागेल."

"कशालाही हात लावू नका!" आई ओरडली.

मी रिसायकल बिन पाहिली, रिकामी. नाव टाकून शोधलं, काही नाही. दुसऱ्या फोल्डरमध्ये चुकून ओढलं गेलं असेल म्हणून सगळी फोल्डरं उघडून पाहिली. लग्नातले फोटो सापडले, गॅसची पावती सापडली, मावशी काही सापडेना. आईने चहा ठेवला आणि तो उतू गेला.

शेवटी तिने डोळे पुसले. "जाऊ दे. उद्या चांदवडला जाते आणि जमेल तेवढं पुन्हा बोलून घेते." मग मला उठवून स्वतः खुर्चीत बसली, एक नवीन फोल्डर केलं आणि एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं, 'ताई'. एंटर दाबला आणि थबकली.

"हा बघ काय विचारतोय. म्हणे या नावाचं फोल्डर इथे आहेच, दोन्ही एकत्र करू का?"

"आई, नको म्हण!" मी जवळजवळ किंचाळलेच. "ते गेलेलं नाही, इथेच आहे. नुसतं दिसत नाहीये."

मग मला आठवलं, फाइली लपवताही येतात. वरच्या व्ह्यू मेनूत जाऊन हिडन आयटम्सवर टिक केली. त्यासरशी 'ताई' उमटलं, फिकट, धुक्यातून दिसावं तसं. आईने स्क्रीनलाच नमस्कार केला.

पण त्याच्या शेजारी आणखी एक तसंच फिकट फोल्डर उमटलं होतं. नाव 'वीजबिलं'.

"ते राहू दे," बाबा घाईघाईने म्हणाले.

"वीजबिलं कोण लपवतं?" असं म्हणत आईने ते उघडलंसुद्धा. आत बिल एकही नव्हतं, होती ती नुसती रेकॉर्डिंगं. तिने पहिलंच लावलं. आधी खाकरण्याचा आवाज, मग बाबांचा, पूर्ण बेसूर पण जोरकस:

"चांदवडच्या रानात गाजली आमची मेहुणी,
ट्रॅक्टरवर बसली जशी घोड्यावर राणी, हो जी जी जी!"

बाबांनी मावशीवर पोवाडा रचला होता! आई देवळात गेली की ते दार लावून सराव करत. आईला कळू नये म्हणून आदल्या संध्याकाळी फोल्डर लपवायला गेले आणि शेजारचं 'ताई'ही त्यासोबत निवडलं गेलं. एका टिकमध्ये दोन्ही गुप्त!

"मग सकाळपासून गप्प का बसलात?" मी विचारलं.

"मला काय माहीत ताई पण माझ्याबरोबर आत गेली ते!"

आई इतकी हसली की तिला खुर्चीतून उठता येईना. मग तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "पुढचं कडवं लावा की." मी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन दोन्ही फोल्डरांची हिडनची टिक काढली आणि 'ताई' लगेच पेनड्राइव्हवर घेतलं.

रविवारी मावशीच्या अंगणात मांडव भरला होता. स्पीकरवर तिचाच आवाज लागला आणि ती पहिल्या वाक्यालाच स्वतःशी भांडू लागली. "तसं नाय! तेव्हा पाऊस नव्हता, लय ऊन होतं!" लोक आधी स्पीकर ऐकत, मग मावशीची दुरुस्ती.

त्यानंतर बाबा फेटा बांधून उभे राहिले. आवाज पहिल्याच 'जी जी'ला फाटला, तरी ते थांबले नाहीत. मावशी पदर तोंडावर धरून ऐकत होती. ती हसतेय की रडतेय, काही कळेना. पोवाडा संपल्यावर ती उठली आणि बाबांपुढे येऊन उभी राहिली.

"दाजी, गळा काय तुमचा बरा नाय," ती म्हणाली. "पण माझ्यावर कुनी गानं केलं नव्हतं आजपर्यंत. पुन्यांदा म्हना."

बाबांनी पाणी प्यायलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.