चुंबळीच्या फडक्यातली सत्या

सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली नि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझी भक्ती तेव्हा जेमतेमच. दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, त्यामुळे बायको बाळापूरच्या देवीला हात जोडायची तेव्हा मी बैलांच्या वेसणीशी चाळा करत बाहेर उभा राहायचो.

पौषात, आठवा महिना लागल्यावर, बायको बाळंतपणासाठी अकोल्याला माहेरी निघाली. वेगळी खेप कशाला, म्हणून मी तिला कापसाच्या गाडीवरच बसवलं. वजन वाढावं म्हणून त्या कापसावर पहाटे मीच पाणी मारलं होतं. तेव्हा बरेच जण मारत. अर्ध्या वाटेत तिला कळा सुरू झाल्या. बाजाराला निघालेली एक अनोळखी माळीण टोपली उतरवून धावली. मुलगी झाली, पण थंडीनं निळी पडू लागली. माझी घोंगडी, पागोटं बाळंतपणातच भिजून गेलं होतं.

"दादा, कोरडा कापूस दे लवकर."

"ओला हाय, माय."

"समदा? काहून?"

"वजनासाठी. म्याच पानी मारलं."

इतकं लाजिरवाणं खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. गाडीभर कापूस, आणि लेकीपुरता मूठभर नाही. बाईनं टोपलीखालची चुंबळ उलगडली. तिच्या डोक्याची ऊब असलेल्या त्या फडक्यात पोर गुंडाळून छातीशी धरली. मी बाळापूरच्या दिशेनं हात जोडले. मागायला तोंडच नव्हतं. एवढंच म्हटलं, आई, आता तुझं तू बघ. थोड्या वेळानं पोर रडली, आणि मीही रडलो. माळीण तशीच, बिनचुंबळीची टोपली डोक्यावर घेऊन गेली. पुढे अकोल्याच्या बाजारात तिला पुष्कळ शोधलं, सापडली नाही. ती कोण होती याचा वाद मी घालत नाही.

तो कापूस सासऱ्यांच्या अंगणात वाळवून मगच विकला. बाराव्या दिवशी माझी बहीण, बाळाची आत्या, म्हणाली, "धोंडी ठेव. दोन गेले, हिले नजर नको."

मी म्हटलं, "सत्या."

ती हसली. "हे नाव पोरीले नाई, तुलेच पेलावं लागन."

पेललं असं म्हणायचं धाडस होत नाही. भाव तर केव्हाच उतरले. पण पिकेल तेवढं कोरडं न्यायचं आणि पुढचं देवीवर सोडायचं, इतकं जमलं; त्यानं झोप चांगली लागते. सत्या आता पाच वर्षांची आहे. गाडी भरताना ती मला प्यायला पाण्याचा तांब्या आणून देते. मी गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन पितो.