मोहाखालची झाडलेली जमीन

देवावर माझा विश्वास होता, पण तो हजेरी लावण्यापुरता. जंगलात फेरीला निघालो की वाटेवरच्या वाघदेवाच्या शेंदरी दगडाला हात जोडायचे आणि चालू लागायचं. गेल्या वर्षी तर तेही सुटलं होतं. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या अभयारण्यात मी वनरक्षक आहे, घर चिखलीला. अंगात खाकी चढली की आपल्यालाच सगळं कळतं असं मला वाटायचं, हे कबूल करतो.

मोह गळू लागला की खाली पडलेली फुलं नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात. त्यातून वणवे लागतात. त्यावरून पायथ्याच्या गावातल्या वच्छलाबाईंना मी चारचौघांत नको तितकं बोललो. साठीची बाई सुनेसमोर मान खाली घालून उभी राहिली. "पाला पेटवला तर टोपली जप्त करीन," असं बजावून मी ऐटीत परतलो.

आणि चूक केली मीच. वणवा अडावा म्हणून आम्ही गवताचा एक पट्टा आधीच जाळून ठेवतो. हे काम थंडीत, सकाळच्या दवात उरकायचं असतं. चालढकल करत मी मार्च उजाडू दिला आणि एके दिवशी ऊन चढल्यावर पट्टा पेटवला. वारा फिरला. आग पट्ट्याबाहेर पडून नाल्याच्या दिशेने पसरली. तिकडे त्या भागातला एकुलता एक पाणवठा होता, आणि आदल्याच दिवशी तिथल्या कपारीत मी पिलांसह अस्वलीण पाहिली होती.

मी आणि दोन मजूर ओल्या फांद्यांनी आग झोडपत होतो. धुरात काही दिसेना. हातातली फांदी जळून गेली तेव्हा मी खाली बसलो आणि रडलो. "देवा, माझ्याच्याने होत नाही. आता तूच बघ," एवढंच तोंडून निघालं.

धूर विरला तेव्हा आग नाल्याअलीकडे थांबली होती. तिथे काठाने मोहाच्या झाडांची रांग आहे. तिच्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगणासारखी जमीन झाडलेली होती. पलीकडे वच्छलाबाई आणि त्यांची सून उडून आलेल्या ठिणग्या फांद्यांनी विझवत होत्या.

"मावशी, हे कोणी झाडलं?"

"तुमीच त सांगतलं साहेब, पाला जाळू नका म्हून. चार रोज झाले, मी अन् माही सून झाडूनच राह्यलो. कंबर मोडली पुरी."

"मी फार बोललो तुम्हाला."

"हाव, बोलले. आता पानी प्या."

संध्याकाळी मी वरिष्ठांना माझी चूक लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाघदेवाला नारळ फोडला आणि अर्धा वच्छलाबाईंकडे घेऊन गेलो. मी हात टेकले त्याच्या चार दिवस आधीपासून देवाची तयारी चालू होती, आणि ती करणाऱ्या बाईचाच मी अपमान केला होता. हे मनात आलं की आजही डोळे भरून येतात.

त्या सकाळी वच्छलाबाई मोहाखाली उभ्या होत्या. झाडलेल्या मातीत अस्वलिणीची पावलं उमटली होती आणि शेजारी पिलांची, लहान लहान. वच्छलाबाईंनी टोपली उचलून कमरेवर घेतली.

"ह्या झाडाचे फुलं आज राहू द्या तिले," त्या म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे गेल्या. मी त्यांचा झाडू उचलला आणि मागोमाग गेलो.